तोंडी सांगितलं होतं की

सरांनी एका दमात सात गोष्टी सांगितल्या. साड्यांचं दुकान, दसऱ्याची जाहिरात, मराठी आणि कन्नड दोन्हीत, शनिवारच्या पेपरात अर्धं पान, कोपऱ्यात मालकांच्या आईचा फोटो, गेल्या वर्षीचा लाल रंग अजिबात नको. सातवी गोष्ट मला तेव्हाही आठवली नाही आणि आजही आठवत नाही. त्यांचं सांगणं चालू असतानाच मी पर्समधून वही काढायला लागले, तसे सर हसले. "लिहून काय घेताय मॅडम? लक्षात ठेवा की. आमच्यात सगळं तोंडीच चालतंय."

बेळगावात टिळकवाडीतलं पहिल्या मजल्यावरचं जाहिरातीचं ऑफिस, सहा माणसांचं. जागा ज्युनिअर कॉपीरायटरची, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहायची, पगार १२ हजार. मुलाखत पाऊण तास चालली. त्यातली दहा मिनिटं माझ्या कामाच्या नमुन्यांवर गेली, उरलेला वेळ माझ्या घरात.

"घरी कोण कोण असतंय?"

"मी आणि मुलगा. दुसरीत आहे."

"मिस्टर?"

"नाहीत."

'नाहीत' म्हणजे वारले की सोडून गेले, याचा अंदाज घेत सर क्षणभर थांबले. विचारलं नाही, ही त्यांची सभ्यता. मग म्हणाले, "आमच्यात कधीकधी रात्रीचे अकरा वाजतात बघा. सणासुदीला तर विचारूच नका." मी विचारलं नाही. त्यांनीही नंतर फोन केला नाही.

या सरांवर माझा राग नाही. माणूस भला होता, चहा दोनदा मागवला. पण गेल्या दोन वर्षांत बेळगाव, हुबळी, कोल्हापूर मिळून अकरा मुलाखती झाल्या आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी शब्द बदलून हेच दोन प्रश्न आले: लक्षात राहतं का, आणि रात्री थांबाल का. पहिल्याला माझा मेंदू आडवा येतो, दुसऱ्याला माझा मुलगा. बराच काळ मी या दोन वेगळ्या अडचणी समजत होते, आणि दोन्ही माझ्याच. आता मला वाटतं, अडचण एकच आहे आणि ती धंद्याची आहे. जाहिरातीच्या धंद्यानं लिहून देणं-घेणं सोडलं. जे लिहिलं नाही त्याची किंमत कुणाच्या तरी आठवणीतून आणि कुणाच्या तरी रात्रीतून वसूल व्हायला लागली.

आधी मेंदूचं सांगते. मराठीत या प्रकाराला डॉक्टरांच्या आधीपासून शब्द आहेत: वेंधळी, धांदरट. शाळेत बाई म्हणायच्या, एक ना धड भाराभर चिंध्या. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची अवस्था, हे नाव मला एकतिसाव्या वर्षी मिळालं, तेही चुकून. मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली, वर्गात लक्ष नसतं, दाखवून घ्या. त्याला घेऊन मी धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची उत्तरं देत होते. मुलाला काही नव्हतं, पोरगं वर्गात कंटाळलं होतं. फाइल माझी उघडली.

'असे लोक फार क्रिएटिव्ह असतात हो' असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या शेगडीवर उतू गेलेलं दूध पुसायला यावं. माझी अडचण अगदी घरगुती आहे. नुसतं कानावरून गेलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही. तीन सूचनांपर्यंत ठीक, पाचवी आली की पहिली घसरते. वेळेचा अंदाज येत नाही. दहा मिनिटांचं म्हणून काम हातात घेते आणि शाळेतून फोन येतो, मुलगा गेटवर उभा आहे. चारजण एकदम बोलायला लागले की मला एकाचंही कळत नाही. उलट मागाच्या खडखडाटात मी तासन्‌तास बसू शकते. वडगावात वाढले, भिंतीपलीकडे चार पॉवरलूम. तो आवाज माझ्यासाठी शांतताच आहे. आणि जे कागदावर असतं ते मला दिसतं, नको इतकं दिसतं. सुटलेला रफार, उलटी पडलेली वेलांटी, श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडताना फुटलेलं जोडाक्षर, हे मला रस्त्यापलीकडच्या बॅनरवरूनही टोचतं.

२०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं कन्नड भाषेच्या सर्वंकष विकासाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि दुकानांच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला, सक्तीचं झालं. बोर्डावरच्या भाषेचं भांडण आपल्या भागात किती जुनं आणि किती खोल आहे हे वाचणाऱ्याला मी सांगायला नको. ते मी इथं ओढतही नाही. मराठी अक्षरं उरलेल्या ४० टक्क्यांत इंग्रजीशी जागेसाठी झगडतात, एवढंच नोंदवते. मी तेव्हा खडेबाजारातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात रोजावर होते आणि दुकानापुढे रांग लागली होती. नियम कागदावर होता, प्रमाण ठरलेलं होतं, प्रत्येक बोर्डाची लांबी-रुंदी मालक चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मी केलेला एकही बोर्ड परत आला नाही. तीच मी, त्याच दुकानात, एका क्लासच्या चार हजार हँडबिलांवर फोन नंबरातले दोन आकडे उलटे टाकून बसले. गिऱ्हाइकानं नंबर फोनवर सांगितला होता, 'डबल सात, तीन, डबल' अशा चालीत. चूक माझी, कागदाचे पैसे माझ्या रोजातून गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन्ही कामं एकाच मेंदूनं केली होती.

आता त्या साड्यांच्या जाहिरातीकडे परत येते. कुणी मागितली नव्हती तरी घरी जाऊन मी ती लिहिली. दसऱ्याला आपण पानं देताना म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. आमचे कन्नड शेजारी शमीची पानं देताना म्हणतात, 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण', बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. कन्नडमध्ये बन्नी म्हणजे शमी, आणि बन्नी म्हणजे 'या'. पानाचं नाव आणि दुकानाचं आमंत्रण एकाच शब्दात! वर ठळक 'बन्नी', त्याखाली साडीच्या काठासारखी पानांची ओळ, आणि खाली मराठीत: 'सोनं लुटून झालं की इकडं या.' शेजारच्या अक्कांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे ग, पण आम्ही बन्नी कुठं म्हणतो? आम्ही बर्री म्हणतो. बन्नी बेंगळूरवाल्यांचं." खरंच होतं. पण छापील कन्नडमध्ये बन्नी चालतं आणि पानाला कुणीच बर्री म्हणत नाही, म्हणून शब्द ठेवला. एआय आता फुकटात ओळी लिहितो, ज्युनिअर कशाला पाहिजे, असं म्हणणाऱ्यांनी त्याला बन्नी आणि बर्रीतला फरक विचारून बघावा. सांगेलही कदाचित. पण असं काही विचारायचं असतं, हे अक्कांच्या शेजारी राहिल्याशिवाय सुचत नाही.

पाऊण तासाच्या मुलाखतीत यातलं काहीच बाहेर आलं नाही. तिथं ते मोजायचंच नव्हतं.

हा धंदा पहिल्यापासून असा नव्हता. ज्यांच्याकडे मी रोजावर होते त्या मालकांच्या वडिलांचा छापखाना होता, शिशाच्या खिळ्यांचा, एकेक अक्षर जुळवून छापायचा. ते काका अजून दुपारचे दुकानात येऊन बसतात. ते सांगतात, खिळे जुळवायच्या काळात मजकूर लिहून आणल्याशिवाय गिऱ्हाइकाला दारात उभं करून घेत नव्हते. एकेक खिळा हातानं लावलेला. मधे एक शब्द वाढला की खालच्या ओळी सगळ्या सरकवायच्या. म्हणून मजकूर कागदावर, प्रुफावर दुरुस्त्या लाल शाईनं, आणि शेवटी गिऱ्हाइकाची सही, छापायला हरकत नाही म्हणून. सही झाल्यावर बदल सुचला तर त्याचे वेगळे पैसे. दिवे लागले की बारीक टाईप नीट दिसायचा नाही, म्हणून खिळे जुळवणारा कंपोझिटर घरी. काकांना हे सांगताना त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र ऐकताना वाटतं, अरे, माझ्यासारखीला नोकरी जमावी म्हणूनच कुणीतरी हे नियम केले असावेत.

मग कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारं डीटीपी आलं, कोरलड्रॉ आलं, आणि बदल करायला काही लागत नाही असं गिऱ्हाइकाला वाटायला लागलं. लागत होतंच. पूर्वी ते शिशात दिसायचं, आता कुणाच्या तरी झोपेतून जायला लागलं. 'जरा ते नाव मोठं करा.' 'निळा करून बघू या का?' 'भाऊजींचा फोटो राहिला ओ.' आठ वाजता एक व्हॉइस मेसेज, साडेनऊला दुसरा, पहिल्याच्या बरोबर उलटा. तुम्ही विचारलंत, की आधी तर हिरवा म्हणाला होता, तर उत्तर ठरलेलं: "तोंडी सांगितलं होतं की, निळा." या वाक्याला तोड नाही, कारण कागद नाही. ज्युनिअरची नोकरी म्हणजे आता मुख्यतः हे वाक्य झेलायची नोकरी. लिहिणं त्यातून उरलेल्या वेळात.

रात्रीचे अकरा वाजतात ते यामुळे. बन्नीची ओळ मला दीड तासात सुचली होती, आणि त्यातला अर्धा तास भाजी निवडण्यात गेला होता. जाहिरात लिहायला रात्र लागत नाही, लागलीच तर वर्षातून दोनदा. रात्र लागते ती कुणी काय म्हणालं होतं हे पुन्हा पुन्हा ठरवायला.

अशा नोकरीत टिकतो कोण? ज्याचा डबा घरात दुसरं कुणीतरी भरतं, ज्याच्यासाठी कुणी गेटवर उभं नसतं, आणि पाचजणांचं बोलणं ज्याच्या डोक्यात एका वेळी मावतं. बहुतेक वेळा बावीस-तेवीसचा मुलगा. त्याच्याशी माझं भांडण नाही; मी पाहिलेले असे दोघेतिघे दोन वर्षांत थकून बेंगळूरला गेले. गेल्यावर मालक हळहळतात, आजकाल पोरं टिकत नाहीत म्हणतात, आणि पुन्हा तसंच पोर शोधतात. टिकणं हाच गुण हवा असेल तर बेळगाव सोडून कुठंही जाऊ न शकणारी, मुलाची शाळा इथं, आई इथं, आणि जिची दोन भाषांची कमाई याच गावात चालते अशी बाई तुमच्या दारात बसली आहे. पण तो त्यांना गुणी वाटतो आणि मी जोखीम वाटते.

वयाचंही तसंच. जाहिरातीतलं मोठं नाव पीयूष पांडे १९८२ मध्ये ऑगिल्व्ही या जाहिरात कंपनीत लागले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्याआधी क्रिकेट खेळले होते, चहाची चव पारखायची नोकरी केली होती. जाहिरातवाल्यांना ही गोष्ट सांगायला फार आवडते. कुठून कुठून माणसं येतात बघा आमच्या धंद्यात! आणि स्वतःकडची जागा भरताना मात्र, मॅडम तुमच्या वयाला ज्युनिअर कसं म्हणायचं?

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. वाचायला चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, यात २१ झाले. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी नाही. शिवाय नोकरीतलं आरक्षण सरकारी जागांत, ४ टक्के, आणि त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात मोलाची गोष्ट सांगितली. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. कोर्ट म्हणालं, वाजवी सोय ही फक्त ४० टक्केवाल्यांचा हक्क नाही. आणि अशी सोय नाकारणं हा भेदभाव, हे कायद्याच्या व्याख्येतच बसलेलं आहे. वाचून मला बळ आलं, खरंच आलं. पण तो निकाल हातात घेऊन मी सहा माणसांच्या ऑफिसात जाऊ? याच कायद्याचं २१ वं कलम प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतं, आणि त्यातले संपर्क अधिकारी नेमण्यासारखे तपशील २० किंवा जास्त माणसं असतील त्यांना. बेळगावात वीस माणसांची जाहिरात कंपनी दाखवा, मी आजच धोरण विचारून येते.

आईपणाचंही हेच. मातृत्व लाभ कायद्याला २०१७ मध्ये दुरुस्ती झाली: २६ आठवड्यांची पगारी रजा, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर, आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा. मी केंद्र सरकारच्या नोकरीत असते तर मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली असती. ती एकट्यानं मूल वाढवणाऱ्या बापालाही मिळते, हे विशेष. पण कायद्याची ही सगळी दारं डोकी मोजून किंवा टक्के मोजून उघडतात, आणि आमचा धंदा सहा डोक्यांचा. काहीही न मोजता उघडलेलं एक दार मला रोज दिसतं: ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. खानापूरकडून, येळ्ळूरकडून कामाला येणाऱ्या बायकांची गर्दी मी स्टँडवर बघते. शहरात आणायची सोय झाली. संध्याकाळी सहाला त्यांना कोण सोडतंय, हे बसच्या हातात नाही.

म्हणून मी मालकांकडे मागते आहे, आणि मागणी काकांच्या छापखान्यातलीच आहे. काम सुरू करण्याआधी काय हवं ते लिहून द्या. व्हॉट्सॲपवर एक मेसेज चालेल, व्हॉइस नको. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला गिऱ्हाइकाकडून पैसे घ्या, मग बघा किती भाऊजींचे फोटो राहतात. मुलाखतीत गप्पा मारून माणूस पारखण्याऐवजी एक खरं काम कागदावर द्या, एक दिवस घरी करू द्या, आणि त्याचे चार-पाचशे रुपये द्या. सहा वाजता जे हातात असेल ते उद्यावर जाईल, हे ठरवून टाका. यात माझ्यासाठी म्हणून वेगळं काहीच नाही, आणि हेच मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका मुलाखतीत मी एडीएचडीचं सांगून टाकलं होतं. समोरच्या मॅडम काळजीनं म्हणाल्या, "मग गोळ्या चालू आहेत ना?" पुढची फेरी झाली नाही. पुढच्या ठिकाणी सांगितलं नाही, तर आठ दिवसांच्या चाचणीत तिसऱ्या दिवशी 'लक्ष नसतं' ठरले. सांगितलं तरी मेले, लपवलं तरी मेले. पण लिहून देणं सगळ्यांनाच असेल, तर मला माझा मेंदू कुणापुढं उघडून दाखवावा लागत नाही. प्रमाणपत्र लागत नाही, टक्के लागत नाहीत, घरी कोण कोण असतं हेही विचारावं लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "ओ ताई, आपल्या गावात धंदा ओळखीवर चालतोय. सोयऱ्याला लिहून दे म्हटलं तर राग येईल." खरं आहे, येईल. पहिल्यांदा येईल. पण त्याच सोयऱ्याच्या लग्नात मांडवाच्या दाराशी एकजण वही घेऊन बसलेला असतो आणि कुणी किती आहेर केला ते नावानिशी उतरवून घेत असतो. तिथं सख्ख्या मामालाही कुणी म्हणत नाही, की आमच्यात सगळं तोंडीच चालतंय. जिथं पैसा विसरायला नको असतो तिथं आपण ओळख बाजूला ठेवून लिहितो. ज्युनिअरची रात्र विसरली तरी चालते, म्हणून ती वहीत नाही.

जाहिरात गप्पांतून सुचते, कागदावर बांधून ठेवली तर जीव जातो, असंही काहीजण म्हणतात. यात तथ्य आहे. अक्का बोलल्या नसत्या तर माझी ओळ तपासली गेली नसती. मग मारा गप्पा. गप्पा संपल्यावर एकानं चार ओळी लिहायच्या, एवढंच राहतं.

आणि मग सल्ले. पुण्याला जा. पुण्याच्या एका कंपनीबरोबर ऑनलाइन मुलाखत झाली, मी म्हणाले, "ते मी करतो की." पलीकडून हसू आलं. "करतो?" आता बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका मी येतो, मी जातो म्हणतात, आमच्या आज्या म्हणत आल्या. पण त्या क्षणी माझी जाहिरातीची भाषा कच्ची ठरली. ते असो. पुण्यात खोलीचं भाडं आणि पाळणाघराचे पैसे दिल्यावर ज्युनिअरच्या पगारातून काय उरतं, याचा हिशेब सल्ला देणाऱ्यानं करून दाखवावा.

दुसरा सल्ला, घरबसल्या फ्रीलान्स कर, मुलालाही बघता येईल. हा सल्ला प्रेमानं येतो आणि सगळ्यात चुकीचा आहे. फ्रीलान्स म्हणजे काम शोधायचं, दर ठरवायचा, बिल पाठवायचं, तीन महिने पैशाची आठवण करायची, पाच गिऱ्हाइकांच्या पाच तारखा डोक्यात ठेवायच्या. म्हणजे जे मला जमत नाही ते सगळं माझ्याकडे, आणि जे जमतं ते उरलेल्या वेळात. ते करून बघितलंय. दोन बिलं मी पाठवायचीच विसरले, कामं देऊन सहा महिने झाल्यावर आठवलं, आणि मग मागायची लाज वाटली. माझ्यासारख्या माणसाला ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि वर कुणीतरी विचारणारा लागतो. नोकरी हा आमच्यासाठी आधाराचा टेकू आहे. 'घरी बस, सोयीचं पडेल' म्हणणारे नेमका तोच काढून घेतात.

सगळं कागदानं सुटेल असं मात्र मी म्हणणार नाही. कोल्हापूरची एक जागा जवळपास मिळाली होती. ज्या सकाळी तिथल्या मोठ्या गिऱ्हाइकापुढं काम दाखवायला मी जाणार होते, त्या पहाटे मुलाला १०३ ताप भरला. मी फोन केला, त्यांनी ठीक आहे म्हटलं, आणि दुसऱ्या कुणालातरी नेलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. लिहून दिलेला कागद मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि एकट्या आईबापाकडे उत्तर असावं असं कुणी धरून चालू नये.

सध्या मी पुन्हा खडेबाजारातल्या त्याच दुकानात आहे, सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन. ज्युनिअरच्या जागांसाठी अर्ज चालूच आहेत. त्या चार हजार हँडबिलांनंतर काकांनी माळ्यावरून छापखान्याच्या वेळचं ऑर्डर बुक काढलं, कार्बनवालं, पानं पिवळी पडलेली. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक आपल्याला. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे मालक, आधी नको म्हणत होते, गिऱ्हाईक तुटेल म्हणत होते. काकांनी गल्ल्यावर नेऊन ठेवलंच.

परवा वाढदिवसाच्या बॅनरसाठी एक कार्यकर्ते आले. दुकानात पाय ठेवतानाच सांगायला सुरुवात: "आठ बाय चार करा, साहेबांचा फोटो मधी, बाजूला आमचे बाराजण, नावं सांगतो घ्या लिहून..." काकांनी ऑर्डर बुक त्यांच्यापुढं सरकवलं. "तुम्हीच लिहा. बारा नावं आहेत." ते माझ्याकडं बघायला लागले. मी स्क्रीनकडं बघत राहिले. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मग त्यांनी खुर्ची ओढली, टोपण काढलं, पहिलं नाव लिहिलं, दुसरं लिहिलं, तिसऱ्याला अडले आणि फोन लावला. "ए, तुझं आडनाव ऱ्हस्व का दीर्घ?"